सेझमध्ये युनिट टाकायचंय? गेटच्या आत जाण्याआधी हे वाचा

निर्यात करणाऱ्या लहान उद्योजकाला कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, "सेझमध्ये जा, टॅक्स नाही." सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. आमचं इंजिनिअरिंग भागांचं छोटं युनिट सेझमध्ये उभं राहिलं तेव्हा कागदपत्रांची सगळी बाजू माझ्याकडे होती. नंतर ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न घेऊन येऊ लागले, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं. नियम बदलत राहतात, तेव्हा इथलं वाचून थेट अर्ज भरू नका. पण कुठे काय विचारायचं, एवढं तरी यातून नक्की कळेल.

आधी पाया. सेझ कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. त्यातलं कलम ५३ समजलं की बराच गोंधळ संपतो: अधिकृत कामकाजापुरता सेझ हा देशाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरचा प्रदेश मानला जातो. मुंबईत अंधेरीला सीप्झ या सेझच्या गेटबाहेर रिक्षा उभ्या असतात तो भारत, आणि गेटच्या आत कस्टम्सच्या लेखी परदेश. बाहेरच्या भारताला इथे 'डीटीए' म्हणतात. गेट ओलांडणारी प्रत्येक वस्तू आयात तरी असते, निर्यात तरी असते, नाहीतर परवानगी घेऊन तात्पुरती हललेली असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. कांडल्याचं निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ चं, सीप्झ १९७३ चं. सीप्झ इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलं होतं, हिरे-दागिने नंतर आले आणि आज त्याची ओळखच ती झाली आहे.

१. सेझ तुम्हाला खरंच हवं आहे का?

सर्वात जास्त वेळ याच पायरीवर घालवा.

पहिला सापळा आयकराचा. कलम १०अअ खाली पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर शंभर टक्के सूट, पुढची पाच वर्षं पन्नास टक्के, असं सांगणारी सादरीकरणं अजून फिरतात. ही सूट ३१ मार्च २०२० पर्यंत सुरू झालेल्या युनिटांसाठी होती. ज्यांच्याकडे त्याआधीच मंजुरीपत्र होतं त्यांना कोविडमुळे आणखी सहा महिने मिळाले, आणि तिथे दार बंद झालं. तुमचं युनिट आज सुरू होणार असेल तर हा आकडा हिशोबातून काढून टाका. सल्लागाराने तो तरीही धरला असेल तर सल्लागार बदला.

दुसरं, आयजीएसटी, म्हणजे आयातीवर आणि राज्याबाहेरच्या व्यवहारांवर लागणारा जीएसटी. आयातीवर आयजीएसटी लागत नाही हे खरं. पण बाहेरच्या निर्यातदारालाही त्याचं क्रेडिट किंवा परतावा मिळतोच. म्हणजे तुमचे पैसे अडकत नाहीत एवढाच फायदा, करात बचत म्हणावी अशी त्यात नाही. खरी बचत मूळ सीमाशुल्कात, आणि तीही तुम्ही आयात भरपूर करत असाल तरच. बाहेर राहून अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन या परवान्यावर कच्चा माल शुल्काशिवाय आणता येतो. ईपीसीजी या योजनेखाली यंत्रंही आणता येतात, फक्त वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. सेझमध्ये यंत्रांवर अशी वेगळी अट नसते. यंत्रं महाग आणि परदेशी असतील तर हा मुद्दा मोठा आहे.

तिसरी गोष्ट देशातल्या विक्रीची. इथे लोक फार फसतात. सेझमधून डीटीएत माल विकला की तो आयात केल्यासारखा धरतात आणि शुल्क तयार मालाच्या किमतीवर लागतं. समजा परदेशातून १०० रुपयांचा कच्चा माल आणला, त्याची १८० रुपयांची वस्तू केली आणि शुल्क दोन्हींवर दहा टक्के आहे. बाहेरचा कारखानदार कच्च्या मालावर १० रुपये भरून मोकळा होतो. तुमच्या वस्तूवर १८ रुपये लागतात, म्हणजे तुमची मजुरी आणि तुमचा नफा यांवरही आयात शुल्क बसतं. यात सवलत द्यावी ही मागणी उद्योग अनेक वर्षं करत आहेत आणि घोषणाही अधूनमधून होतात. तुमच्या मालाला लागू असलेली अधिसूचना हातात आल्याशिवाय कुठलीही सवलत गृहीत धरू नका.

माझं मत सरळ आहे. विक्रीचा तिसरा हिस्सा जरी देशात होणार असेल, तर आधी दोन पर्याय तपासा. एक, ईओयू, म्हणजे निर्यातप्रधान युनिट. ते तुमच्या आहे त्या जागेत करता येतं. दुसरा, कस्टम्स कायद्याच्या कलम ६५ खाली बंधपत्रित गोदामात, म्हणजे शुल्क न भरलेला माल ठेवायला मान्यता असलेल्या जागेत, उत्पादन, ज्याचे सुधारित नियम २०१९ मध्ये आले. यात निर्यातीची सक्ती नाही, शुल्क फक्त पुढे ढकललं जातं. बऱ्याच लहान कारखान्यांना हाच पुरतो, पण त्यात विकायला प्लॉट नसल्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही.

उत्पादन करायचंच नसेल, फक्त परदेशी माल साठवून, लेबल लावून, पुन्हा पॅक करून पुढे पाठवायचा असेल, तर मुक्त व्यापार आणि गोदाम क्षेत्र बघा. पनवेलजवळ सई गावात असं क्षेत्र आहे. तिथे परदेशी मालकाचा माल त्याच्या वतीने ठेवता येतो, सुट्या भागांचे संच जोडता येतात, पण प्रक्रिया करता येत नाही. आणि तिथल्या युनिटचे व्यवहार परकीय चलनात व्हावे लागतात. "भाडं रुपयांत देऊ" म्हणणारा ग्राहक इथे चालत नाही.

२. जागा निवडणं

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या सेझचा कारभार सीप्झच्या विकास आयुक्तांकडे आहे. रोजच्या बोलण्यात त्याला डीसी ऑफिस म्हणतात. मुख्य पर्याय असे:

सीप्झमध्ये तयार गाळे असलेल्या एसडीएफ इमारती आहेत. जागा जुनी, रस्त्यावर गर्दी, पण कारागीर, कुरिअर, बँका, विमानतळ सगळं हाताशी. दागिन्यांच्या धंद्यात असाल तर 'भारत रत्नम' हे सामाईक सुविधा केंद्र जानेवारी २०२४ मध्ये तिथे सुरू झालं. लहान युनिटला परवडणार नाहीत अशी यंत्रं तिथे वापरायला मिळतात.

न्हावा शेवा बंदराचं स्वतःचं २७७ हेक्टरचं सेझ आहे, प्लॉट ई-लिलावाने दिले जातात. जड माल आणि कंटेनरवाल्यांसाठी ही जागा सोयीची. मात्र लिलावात भाग घेण्याआधी बांधकामाचा खर्च धरा, कारण प्लॉट म्हणजे मोकळी जमीन.

नागपूरचं मिहान महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या ताब्यात आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथे आहेत, विमानांची देखभाल होते, फाल्कन विमानांचे भाग बनतात. जागेचा तुटवडा मुंबईसारखा नाही. समुद्र लांब आहे, तेव्हा बंदरापर्यंतचं भाडं आधी विचारा.

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथली बरीचशी सेझ आयटीची आहेत. डिसेंबर २०२३ पासून तिथे मजल्यांच्या हिशोबाने काही भाग सेझच्या सवलतींबाहेर काढता येतो. इमारत सेझची आहे म्हणजे तुमचा मजलाही सेझचाच असेल असं धरून चालू नका, त्या मजल्याची स्थिती लेखी घ्या.

खासगी विकसकाकडून जागा घेताना चार शब्द नीट ओळखा: तत्त्वतः मंजुरी, औपचारिक मंजुरी, अधिसूचित, कार्यरत. दलाल पहिल्या तिन्हींना "मंजूर सेझ" म्हणतो. तुम्हाला चौथं हवं, म्हणजे प्रक्रिया क्षेत्राला कुंपण आहे, गेटवर कस्टम्सचा अधिकारी बसतो आणि आत आधीच कुणीतरी निर्यात करत आहे. राजपत्रातली अधिसूचना मागा आणि तुमचा सर्व्हे नंबर त्यात आहे का ते स्वतः बघा. मुद्रांक शुल्काची माफी आहे असं विकसक म्हणाला तर त्या आदेशाची प्रतही मागा.

सेझची जमीन हा आपल्याकडे जुना, दुखरा विषय आहे. रायगडात पेण, उरण, पनवेलच्या पट्ट्यातल्या महामुंबई सेझवर २००८ साली २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं आणि तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. गोव्यात लोकांच्या विरोधापुढे सरकारने सगळे सेझ मागे घेण्याची भूमिका घेतली. म्हणून जमिनीवर वाद किंवा खटला आहे का, हे तलाठ्याकडे आणि गावात विचारून या. विकसकाचा वकील ते आपणहून सांगायचा नाही.

३. कागदपत्रं

एकदाच फाइल बनवा, सगळं स्कॅन करून ठेवा.

- कंपनी किंवा भागीदारीचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्रक किंवा भागीदारी करार
- संचालक मंडळाचा ठराव: सेझमध्ये युनिट टाकणं आणि सही कोण करणार, दोन्ही त्यात हवं
- संचालक किंवा भागीदारांचे पॅन, पत्त्याचे पुरावे, आयकर विवरणपत्रं
- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड
- चालू डिजिटल सही
- प्रकल्प अहवाल, उत्पादन प्रक्रियेचा आराखडा, यंत्रांची यादी किमतींसह
- पाच वर्षांचे निर्यात, आयात आणि निव्वळ परकीय चलनाचे (निर्यात वजा आयात) अंदाज
- भांडवल कुठून येणार त्याचे पुरावे, बँकेचं पत्र
- विकसकाचं जागा देऊ केल्याचं पत्र, नकाशा आणि क्षेत्रफळासह

आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, बदल काहीच नसला तरी. विसरलात तर तो निष्क्रिय होतो आणि नेमका माल बंदरात आल्यावर ते कळतं.

सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा ठेवा. एका ठिकाणी "प्रा. लि." आणि दुसरीकडे "प्रायव्हेट लिमिटेड" असलं तरी शंका निघते.

४. फॉर्म एफ

युनिटसाठी एकच एकत्रित अर्ज असतो, तो म्हणजे फॉर्म एफ. तो सेझ ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. भरण्याआधी डीसी ऑफिसमध्ये एकदा प्रत्यक्ष जाऊन या. तिथले कर्मचारी बरंच समजावून सांगतात, फक्त नेमका प्रश्न घेऊन जावं लागतं.

अर्जातली सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे 'अधिकृत कामकाज'. जे तिथे लिहाल तेवढ्याच कामाला सवलती. "इंजिनिअरिंग वस्तू" असं मोघम लिहिलं तर परत येतं, आणि फार अरुंद लिहिलं तर पुढे प्रत्येक नव्या वस्तूसाठी समितीकडे जावं लागतं. शुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकांसह, येत्या दोन-तीन वर्षांत बनवण्याची शक्यता असलेल्या वस्तूही घाला. दुरुस्ती, चाचणी, परत आलेल्या मालावर पुन्हा काम हे करणार असाल तर तेही नावानिशी लिहा.

निर्यातीचे अंदाज फुगवू नका. हेच आकडे पुढे तुमच्या समोर ठेवले जातात.

५. मंजुरी समितीसमोर

अर्ज युनिट मंजुरी समितीकडे जातो, जिला सगळे यूएसी म्हणतात. अध्यक्ष विकास आयुक्त असतात, कस्टम्स, आयकर, राज्य सरकार यांचे प्रतिनिधी असतात. नियमात पंधरा दिवसांची मुदत आहे, पण ती पूर्ण अर्जापासून मोजायची. शंका निघाली की घड्याळ थांबतं.

तयारीचा सर्वात चांगला मार्ग फुकट आहे. आधीच्या बैठकांची इतिवृत्तं डीसी ऑफिसच्या संकेतस्थळावर असतात, ती वाचा. तुमच्यासारख्या युनिटांना काय विचारलं, काय नाकारलं, कशावर अट घातली, सगळं त्यात असतं. सल्लागाराला पैसे देऊन जे ऐकायचं, त्यातलं निम्मं तिथेच सापडतं.

बैठकीला मालकाने स्वतः जावं. प्रश्न साधे असतात: ग्राहक कोण, मूल्यवृद्धी किती, माणसं किती लागणार, बाहेर चालू असलेला कारखाना आत हलवताय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या.

६. मंजुरीपत्र मिळालं, आता?

मंजुरीपत्राला एलओए म्हणतात. ते हातात पडलं की लोक पेढे वाटतात आणि सैल सोडतात. खरं तर मुदती तिथून सुरू होतात. अटी स्वीकारल्याचं पत्र द्या. भाडेकरार नोंदवून त्याची प्रत सहा महिन्यांत द्या. फॉर्म एचमध्ये बंधपत्र, म्हणजे माफ झालेल्या शुल्काची लेखी हमी, करा, ते विकास आयुक्त आणि कस्टम्सचे स्पेसिफाइड ऑफिसर यांनी मिळून स्वीकारायचं असतं. युनिटसाठी वेगळा जीएसटी क्रमांक घ्या, त्याच राज्यात तुमचा दुसरा क्रमांक असला तरीही. सेझ आणि ईओयूंच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेचं सदस्यत्व प्रमाणपत्रही लागतं.

बंधपत्राची रक्कम अंदाजे शुल्कावर ठरते. ती कमी ठेवली तर आयातींबरोबर वर्षाच्या मध्येच संपते आणि माल अडतो. उरलेली शिल्लक दर महिन्याला बघायची सवय लावा.

उत्पादन सुरू करायला आधी एक वर्ष मिळतं. मुदतवाढ मिळते, पण ती मागावी लागते, आणि मुदत संपण्याआधी मागावी लागते. उत्पादन सुरू झाल्याची तारीख लेखी कळवा, कारण एलओएची पाच वर्षं त्याच तारखेपासून मोजली जातात.

७. गेटमधून माल आत-बाहेर

आयातीसाठी बिल ऑफ एंट्री, निर्यातीसाठी शिपिंग बिल. ती कुठल्या प्रणालीवर भरायची, सेझ ऑनलाइन की कस्टम्सचं आइसगेट, हे तुमच्या झोनच्या कार्यालयाला विचारून घ्या. सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, निवडताना फक्त बंदराचा अनुभव असलेला घेऊ नका. सेझचं काम वेगळं असतं, आणि शिकाऊ सीएचए तुमच्या खर्चाने शिकतो.

लोक विसरतात ते इथे: भंगार. लोखंडाचा चुरा, तुटके पॅलेट, जुने संगणक, यातलं काहीही गेटबाहेर जाताना कागद लागतो आणि बहुतेक वेळा शुल्कही. भंगारवाल्याचा टेम्पो उभा राहिल्यावर कागद शोधायला लागू नका. साचा दुरुस्तीला बाहेर पाठवणं, प्लेटिंग बाहेरून करून आणणं, प्रदर्शनात नमुना नेणं, या सगळ्यांना आधी परवानगी आणि ठरलेल्या मुदतीत परत आणणं आवश्यक आहे. यासाठी एक वेगळी वही ठेवा, अगदी साधी कागदी. सॉफ्टवेअरमध्ये नोंद असते, पण आज कुठली वस्तू परत यायची होती हे वहीतच पटकन दिसतं.

८. आसपासच्या पुरवठादारांकडून खरेदी

सेझमुळे भागाचं भलं होतं का, यावर भाषणं खूप होतात. मला विचाराल तर ते या पायरीवर ठरतं. बुटीबोरीचा फॅब्रिकेटर, उरणचा ट्रान्सपोर्टर, मरोळचा पॉलिशवाला यांना आत माल देणं सोपं झालं तरच झोनचा पैसा कुंपणाबाहेर पोचतो. नाहीतर सगळंच कंटेनरमधून येतं आणि कंटेनरमधून जातं.

अडचण अशी की लहान पुरवठादार सेझला घाबरतो. त्याला हे समजावून सांगा: सेझला दिलेला माल आणि सेवा यांचा पुरवठा जीएसटीत शून्य दराचा आहे. त्याने एलयूटी, म्हणजे कर न भरता पुरवठा करण्याचं हमीपत्र, भरलं असेल तर कर न लावता बिल करता येतं. नसेल तर आयजीएसटी लावून नंतर परतावा मागायचा. बाहेरचा पुरवठादार त्याच राज्यातला असला तरी बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा नाही, ही चूक रोज होते. त्याचा परतावा सुटण्यासाठी माल आत आल्याची सेझ अधिकाऱ्याची नोंद बिलावर हवी, आणि ती मिळवून देणं तुमच्या हातात आहे. ती वेळेवर दिली नाही तर त्याचे पैसे अडकतात आणि पुढच्या वेळी तो दर वाढवतो किंवा येतच नाही. सेवांसाठी वेगळा खरेदी फॉर्म आहे. मान्य सेवांच्या यादीत तुमची सेवा आहे का ते आधी बघा, नसेल तर समितीची मंजुरी घ्या.

९. दरवर्षीचा हिशोब

पाच वर्षांच्या काळात तुमचं निव्वळ परकीय चलन एकत्रितपणे धन असायला हवं. म्हणजे निर्यातीची रक्कम आयात केलेला माल आणि यंत्रांच्या किमतीचा त्या काळातला वाटा यांच्यापेक्षा जास्त. एखादं वर्ष तोट्यात गेलं तरी चालतं, पाचांची बेरीज महत्त्वाची. ऋण निघाली तर विदेशी व्यापार कायदा १९९२ खाली दंड होतो.

वार्षिक कामगिरी अहवाल फॉर्म आयमध्ये, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह द्यायचा. लेखापरीक्षणातले आकडे, जीएसटी विवरणपत्रं आणि हा अहवाल एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर कारण आधीच लिहून जोडा, नोटीस येण्याची वाट बघू नका.

१०. बाहेर पडायचं झालं तर

याचा विचार आत जातानाच करा. धंदा बंद झाला किंवा बाहेर हलवायचा झाला तर शिल्लक कच्च्या मालावर, तयार मालावर आणि घसारा वजा करून यंत्रांवर शुल्क भरावं लागतं. मग थकबाकी नसल्याचे दाखले, बंधपत्राची सुटका आणि शेवटी निर्गमनाचा आदेश. यंत्र आणलं त्या दिवसाची बिल ऑफ एंट्री नसेल तर घसारा मोजता येत नाही आणि वाद सुरू होतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनच्या बिल ऑफ एंट्री वेगळ्या फाइलमध्ये, एक संच कारखान्याबाहेर ठेवा. भाडेकरारात मुदतीआधी जागा सोडण्याचं कलम आहे का आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार, हे सही करायच्या आधी वाचा.